कोणते पाटील?

भर दुपारी सांगलीच्या एस.टी. स्टँडवर उभे राहावे आणि खणखणीत आवाजात नुसते "अहो पाटील!" एवढेच म्हणावे. वर्तमानपत्र वाचणारे चौघे मान वर करतील, रसवंतीतला एकजण अर्धा ग्लास तसाच ठेवून बाहेर येईल, सुटलेल्या गाडीच्या खिडकीतून एक डोके बाहेर येईल आणि गाडीचा कंडक्टर घंटी वाजवून गाडी थांबवील, कारण हाक आपल्यालाच आहे असे त्याला वाटेल. मी हा प्रयोग स्वतः करत नाही. हाक मारून झाली की मीही मागे वळून बघतो, आणि ते बरे दिसत नाही. मी पाटीलच आहे.

आमच्या इमारतीत अकरा बिऱ्हाडे आहेत. त्यांतली सहा पाटलांची. खालच्या पाट्या वाचताना नवख्या माणसाला वाटते की एकाच श्रीमंत माणसाने सहा ब्लॉक घेतलेले दिसतात. कुरिअरचा पोरगा पाकीट घेऊन येतो तो थेट विचारतो, "काका, कोणते पाटील?" हा प्रश्न मला आयुष्यात इतक्यांदा विचारला गेला आहे की देवाघरी चित्रगुप्तानेही वही उघडून हाच विचारला तर मला नवल वाटणार नाही. मागे एका दवाखान्याने माझ्या हातात दुसऱ्याच पाटलांचा साखरेचा रिपोर्ट ठेवला. मी पंधरा दिवस बिनसाखरेचा कोरा चहा पीत होतो आणि ते पाटील पंधरा दिवस निर्धास्तपणे जिलेबी खात होते. यात हसण्यासारखे जे आहे ते नंतरचे. ते गृहस्थ त्या पंधरवड्यात चक्कर येऊन जिन्यावरून पडले तेव्हा कोणी हसले नाही.

म्हणून मग पाटलांना विशेषणे लागतात. माझ्या मोबाईलमध्ये 'पाटील दूध', 'पाटील वायरमन', 'पाटील एल.आय.सी.' आणि 'पाटील गुडघेवाले' (हे डॉक्टर, गुडघे त्यांचे नव्हेत) अशी नोंद आहे. मी स्वतः लोकांच्या मोबाईलमध्ये 'पाटील बँक' आहे. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली तरी आहे. खेड्यात हीच सोय जुन्या काळापासून केलेली असते. वाड्यातले, मळ्यातले, खालच्या आळीचे, चिंचेखालचे. चिंच कधीच पडली, पण माणसे अजून तिच्याखालचीच. म्हणजे आडनाव असून नसल्यासारखे. आडनावाला पुन्हा एक आडनाव.

हे दुःख आपल्याच कपाळी आहे असा माझा समज होता. तो शेजारच्या जोशांच्या मुलाने घालवला. तो स्वीडनमध्ये असतो. तिकडे म्हणे अँडरसन, जोहान्सन, कार्लसन यांचा असा सुकाळ आहे की आपले पाटील त्यापुढे विरळ वाटावेत. तिथे पूर्वी कायमचे आडनावच नसे. अँडर्सचा मुलगा तो अँडरसन. त्याचे नाव कार्ल असेल तर त्याचा मुलगा कार्लसन. मुलगी असेल तर 'डॉटर'. म्हणजे आपण बापाचे नाव मधे घालतो, ते त्यांनी शेवटी घातले एवढेच. पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर हे फिरते नाव जिथल्या तिथे गोठले, आणि १९०१ साली तर प्रत्येक घराण्याला एक ठरलेले नाव हवे असा नियमच झाला. ज्या पिढीत गोठले त्या पिढीतला आजा जगभर अमर झाला.

पण मला खरी गंमत वाटली ती त्यांच्या शिपायांची. एका पलटणीत वीस अँडरसन आले तर कवायत घेणार कशी? "अँडरसन, पुढे!" म्हटले की वीसजण पुढे. तेव्हा लष्कराने भरती करताना एकेकाला नवे, आटोपशीर नाव द्यायला सुरुवात केली. कोणाला 'रास्क', म्हणजे चपळ. कोणाला 'स्वेर्ड', म्हणजे तलवार. शिपायाला सरकारातून खोपटे आणि जमिनीचा तुकडा मिळे. पुष्कळदा ते नावही माणसाचे नसून त्या खोपटाचे असे. जुना तलवार मेला की नवा शिपाई येऊन त्या खोपटात राही आणि तोही तलवारच होई. हे ऐकले आणि मी जोशांच्या मुलाला म्हटले, "अरे, मग हे आमच्याच पाटीलकीचे भावंड की!" तो म्हणाला, "काका, प्रत्येक गोष्ट तुम्ही पाटीलकीवर नेता." नेतो. कारण पाटील हेही मुळात माणसाचे नाव नाही. ते खुर्चीचे नाव आहे. खुर्चीचे म्हणण्यापेक्षा चावडीवरच्या घोंगडीचे.

शब्द चांगला म्हातारा आहे. माळव्यातल्या परमार राजांनी, म्हणजे भोजराजाच्या घराण्याने, हजार वर्षांपूर्वी जी दानपत्रे तांब्यावर कोरून दिली त्यांत 'पट्टकिल' नावाचा गावचा अधिकारी येतो. राजा त्याला आणि गावकऱ्यांना उद्देशून कळवतो की अमुक जमीन अमुक ब्राह्मणाला दिली, तरी ध्यानात असू द्यावे. या पट्टकिलाचा पुढे गुजरातेत पटेल झाला आणि आपल्याकडे पाटील. पटेलांनी त्या शब्दाचे अमेरिकेत काय केले ते सगळ्या जगाला माहीत आहे. आपण उसाचे कारखाने काढले.

पाटील म्हणजे गावचा मुख्य. वसूल गोळा करायचा, तंटे तोडायचे, चोर धरायचे, लावणी वाढवायची. लिहिणे-वाचणे हे त्याचे काम नव्हे, त्यासाठी कुलकर्णी होता. जुन्या कागदांवर पाटलाच्या सहीच्या जागी नांगराचे चित्र असे. अक्षरशत्रू म्हणून नव्हे हो, ती त्याची निशाणीच होती. आणि या सगळ्याच्या बदल्यात काय? इनाम जमीन, हक्क आणि मान. होळीची पोळी पहिली पाटलाची. बेंदराला बैल पुढे पाटलाचा. टिळा-विडा आधी पाटलाला. आज आपल्याला हसू येते, पण पाटीलकी ही विकता येणारी मालमत्ता होती आणि निम्मी पाटीलकी विकताना खरेदीखतात हे मान एकेक करून वाटून घेतलेले असत. शिरपाव आधी कोणी घ्यावा, होळीला आधी कोणी जावे, कोणाची सही वर आणि कोणाची खाली. जमिनीवरून झाली नसतील एवढी भांडणे पोळीवरून झाली.

आता गंमत अशी, की त्या काळी पाटीलकी असलेला माणूस स्वतःला पाटील म्हणवून घेई, पण त्याचे आडनाव वेगळेच असे. सातारा जिल्ह्यात कोरेगावजवळ कण्हेरखेड आहे. तिथली पाटीलकी शिंद्यांची. त्या घरातले महादजी दिल्लीच्या बादशहाच्या कारभाराचे सूत्रधार झाले, १७८४ साली बादशहाने वकील-इ-मुतलक हा केवढा थोरला किताब दिला, तरी माणसे त्यांना पाटीलबावाच म्हणत आणि त्यांनाही तेच आवडे. पण आडनाव? शिंदे ते शिंदेच. ग्वाल्हेरचे राजे पाटील झाले नाहीत.

मग आम्ही कसे झालो? आम्ही शाळेत गेलो, म्हणून.

इंग्रज आला आणि त्याने रजिस्टर आणले. शाळेचे, कोर्टाचे, पलटणीचे, जमिनीचे. रजिस्टरात तिसरा रकाना आडनावाचा. तो भरल्याशिवाय साहेबाला झोप येत नसे. आमच्या घरातली गोष्ट सांगतो. आमचे मूळ आडनाव जाधव. पणजोबांना दोन मुलगे. थोरल्याला शाळेत घालायला पणजोबा स्वतः गेले आणि मास्तरांना म्हणाले, "जाधव लिवा." धाकट्याच्या वेळी पेरणीचे दिवस होते. त्याला घेऊन चावडीवरचा गडी गेला. मास्तरांनी विचारले, "पोरगं कुणाचं?" गडी म्हणाला, "पाटलाचं." मास्तरांनी लिहिले, पाटील. धाकटा तो माझा आजा. तेव्हापासून सख्ख्या भावांच्या दोन शाखांची दोन आडनावे आहेत. गावच्या यादीत आम्ही एकमेकांचे कोणी नाही, आणि लग्नपत्रिका आली की तीच आठ-दहा माणसे खाली 'आपले नम्र' म्हणून हात जोडून उभी असतात.

पाटलांची संख्या इतकी का फोफावली याचे उत्तरही यातच आहे. पाटीलकी वतनी होती, म्हणजे बापाकडून सगळ्या मुलांकडे जाणारी. १८७४ साली मुंबई सरकारने वतनांचा कायदा केला. त्यात काम करायला माणूस एकच, पण वतनात वाटा सगळ्या भाऊबंदांचा. काम पाळीपाळीने करावे. म्हणजे गावाला घोंगडी एक, आणि तीवर बसण्याचा हक्क असलेली बुडे चाळीस. घोंगडीचे चाळीस तुकडे करता येत नाहीत. आडनावाचे येतात, आणि प्रत्येक तुकडा आख्ख्या घोंगडीएवढाच भरतो! बरे, पाटीलकी एका जातीची नव्हतीच. ज्या गावात जे मातब्बर, त्यांची. म्हणून सांगलीकडे मराठा पाटील आहेत, जैन पाटील आहेत, लिंगायत पाटील आहेत, मुसलमान पाटीलही आहेत. ठाणे-रायगडकडे आगरी-कोळ्यांत पाटील, खानदेशात लेवा पाटील. नुसते आडनाव ऐकून समोरच्याचा देव कोणता, ताटात काय चालते आणि दाराशी नमस्कार घालायचा की सलाम, यांतले काहीही कळत नाही. आपल्याकडे आडनाव विचारतात ते दुसरेच काही जाणून घ्यायला. अशा चौकस माणसांची पाटील या आडनावाने जी निराशा केली आहे ती मला फार आवडते. त्यांना पुढचा प्रश्न उघडपणे विचारावा लागतो.

साताऱ्याहून सांगलीला एस.टी.ने येताना बघा. साताऱ्यात भोसले, शिंदे, पवार, कदम, जाधव अशी कुळांची नावे दुकानांच्या पाट्यांवर दिसतात. राजधानीचे गाव; तिथे लोक आपले कूळ सोडायला तयार नसतात. कराड ओलांडले, कृष्णेच्या काठाने खाली उतरू लागले, की ऊस दाट होत जातो आणि पाटील दाट होत जातात. हे जनगणनेचे नव्हे, खिडकीतले संशोधन आहे. तसे बघितले तर हे दोन्ही जिल्हे मुळात एकच घर. १ ऑगस्ट १९४९ला वाटणी झाली, सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा मुलूख आत आला आणि या भागाचे नाव पडले दक्षिण सातारा. म्हणजे थोरल्या भावाचेच आडनाव लावून नांदायचे. ते अकरा वर्षे सोसले आणि २१ नोव्हेंबर १९६०ला सांगली जिल्हा असे स्वतःचे नाव लावले. आमच्या घरात उलटे झाले, पण तो शाळामास्तरांचा दोष.

राजकारणात तर विचारूच नका. क्रांतिसिंह नाना पाटील मूळचे पिसाळ. येडेमच्छिंद्रचे. नावाने पाटील आणि नोकरीने तलाठी! ती नोकरी सोडली आणि १९४३ ते ४६ सातारा जिल्ह्यात इंग्रजाला दुसरे सरकारच उभे करून दाखवले. वसंतदादा पाटील पद्माळ्याचे. २४ जुलै १९४३ला सांगलीच्या तुरुंगातून उडी टाकून निसटले, गोळी खाल्ली, पुढे मुख्यमंत्री झाले. ते १९८०मध्ये सांगलीतून लोकसभेवर गेले, आणि तेव्हापासून २०२४पर्यंत सांगलीने एकही बिगर-पाटील खासदार निवडलेला नाही. पक्ष बदलले, घर बदलले, चिन्ह बदलले, आडनाव तेवढे बदलले नाही. २०२४ला तर विशाल पाटील, संजयकाका पाटील आणि डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील असे तिघेही प्रमुख उमेदवार पाटील. मतदानाच्या आधी आठ दिवस आमच्या कामवाल्या बाईंनी मला विचारले, "काका, कुनाला द्यायचं?" मी म्हटले, "तुमच्या मनात असेल त्याला द्या." त्या म्हणाल्या, "माझ्या मनात पाटील हायेत." मी म्हटले, "मग चिंता नाही."

हुद्द्याचे आडनाव होणे ही एकट्या पाटलांची गोष्ट नाही. वाईजवळच्या मेणवलीला ज्यांचा सुंदर वाडा आहे ते नाना फडणवीस मूळचे भानू. वाईचे रास्ते मूळचे गोखले. उलट जतचे डफळे हे डफळापूरचे पाटील, कूळ चव्हाणांचे. त्यांनी पाटीलही सोडले आणि चव्हाणही, गावाचे नाव उचलले. कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, इनामदार, चौगुले, मुलाणी, सगळी त्या जुन्या कचेरीतली मंडळी. सांगलीच्या कोणत्याही शाळेत हजेरी घेतली की पेशवाईतले आख्खे दप्तर "हजर, बाई" म्हणून उभे राहते.

पण त्या हजेरीत एक रकाना मोकळा आहे, तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या १८७४च्या कायद्याने पाटलाच्या वतनाची व्यवस्था लावली त्याच कायद्यात महाराचे वतनही होते. त्यालाही जमीन, त्यालाही हक्क, कागदावर तोही वतनदार. काम काय, तर वेस राखा, सांगावे पोचवा, मेलेली ढोरे ओढा, सरकारी माणूस म्हणेल तेव्हा रात्री-बेरात्री धावा. या वतनाचा अभिमान वाटून कोणी ते आडनाव म्हणून मिरवल्याचे ऐकले आहे काय? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एक मुलगा दाखल झाला. घराणे सकपाळांचे, गाव कोकणातले आंबडवे. रजिस्टरात नाव पडले भिवा रामजी आंबेडकर. आडनावाच्या त्याच रकान्यात चावडीवरच्या गड्याच्या एका शब्दाने माझ्या आजाला मान मिळाला, आणि या मुलाच्या घरच्यांना मान हवा तर हुद्दा बाहेर ठेवावा लागला. हाच मुलगा १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात उभा राहिला आणि त्याच १८७४च्या कायद्यात दुरुस्ती करून महारांना वतनाच्या वेठीतून सोडवा असे विधेयक त्याने मांडले. मी पाटील असल्याबद्दल छाती फुगवायला लागलो की मला तो रकाना आठवतो आणि छाती आपसूक जागेवर येते. वयामुळेही येते म्हणा.

बायकांची तऱ्हा आणखी निराळी. आमची आक्का आत्या. जन्माने पाटील, दिली पाटलांत. लग्नात तिचे आडनाव बदलायचे कष्टच पडले नाहीत, मधले नाव तेवढे बदलले. लोक म्हणत, किती सोयीचे! महाराष्ट्रात १९९४ला आणि पुढे २००५ला देशभर मुलींना बापाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका हक्क मिळाला, तेव्हा ही सोय कशी असते ते कळले. आजाच्या जमिनीची वारसनोंद करायला आम्ही सगळे कचेरीत गेलो. आत्या तेव्हा पंचाहत्तरीची. उताऱ्यावर जुने नाव जाधव, आजाच्या दाखल्यावर पाटील, आत्याच्या रेशनकार्डावर पाटील. कारकून तिघांकडेही आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने विचारले, "आजी, तुमी या घरच्या लेक का सून?"

आत्या म्हणाली, "कागदावर काय लिवलंय?"

"पाटील."

"मग कागदालाच इचार."

शाळेचा दाखला हवा होता. पाटलाची मुलगी शाळेत गेली नव्हती; तिला घेऊन जायला ना बाप रिकामा होता, ना गडी. दोन्ही भावांना आडनाव मिळाले ते निदान रजिस्टरात. हिला मिळाले ते नुसते तोंडी. शेवटी प्रतिज्ञापत्र केले, गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी पंचनाम्यात सांगितले की होय, ही लहानपणी आमच्याबरोबर चिंचा पाडत होती, ही लेकच. एवढ्या थोरल्या वतनदार घराण्याचा पुरावा म्हणून अखेर कामाला आल्या त्या चिंचा. नोंद झाली. आत्याच्या वाट्याला अकरा गुंठे आले. आमच्यातल्या दोघांचे म्हणणे पडले की तिने हक्कसोड लिहून द्यावे, रीतच आहे तशी, भावाशी का कोणी वाटणी मागते? आत्याने सगळे ऐकून घेतले, चहा प्याली आणि म्हणाली, "न्हाई देत." उताऱ्याची नक्कल तिने पेटीत लुगड्याखाली ठेवली आणि मरेपर्यंत ती तिथेच होती. चांगले केले. ते अकरा गुंठे आता तिची नात करते, हळद लावते, आणि उधार मागायला तिच्याकडेच जातात ते दोघे.

राहता राहिली खुद्द पाटीलकी. ती केव्हाच गेली. कुलकर्ण्यांची वतने १९५०च्या कायद्याने गेली आणि मुलकी पाटलाचा हुद्दा १९६२च्या कायद्याने, १ जानेवारी १९६३पासून. दप्तर तलाठ्याकडे गेले. तेव्हा आमच्या गावात म्हणे दोन दिवस कोणाच्या घरी चूल पेटली नाही. (चुलीचे मला पटत नाही. आमच्या घरात जेवण कशासाठीही थांबलेले मी पाहिलेले नाही.) हुद्दा गेला, तशी आडनावेही हळूहळू जुन्या कुळावर जातील अशी कोणाची अटकळ असेल तर ती साफ चुकली. हुद्दा असताना निदान विचारता तरी येई की पाटील आहेस तर दप्तर दाखव. आता तेही नाही.

गावात सरकारी पाटील उरला तो पोलीस पाटील. १९६७च्या कायद्याने तो नेमणुकीचा झाला, वंशपरंपरेचा राहिला नाही. परीक्षा द्यावी लागते. आमच्या गावात सध्या पोलीस पाटील आहेत त्या एक तरुण बाई, बी.ए. झालेल्या, आडनाव माने. गेल्या बेंदराला मी गावी गेलो होतो. पारावर आमचे थोरले काका बसले होते, शेजारी त्या बाई मोटारसायकल उभी करून कोणाशी बोलत होत्या. तेवढ्यात एक पोरगा पळत आला आणि ओरडला, "पाटील, वढ्याकडं भांडान लागलंया, चला बिगीबिगी!"

काका उठले. काठी घेतली, पटका सारखा केला, पायात वहाणा घातल्या. तोवर मोटारसायकल ओढ्याच्या वळणाला लागली होती.